लॉगिंग लायब्ररीत मेमरी लीक नाही, हे टेस्टने सिद्ध कसं करायचं?

पानशेतवाला

नमस्कार मंडळी,

आमच्या टीममध्ये पायथनच्या स्टँडर्ड लॉगिंग मॉड्यूलवर बेतलेली एक छोटी लायब्ररी आहे. काम साधंच: प्रत्येक ओळीत रिक्वेस्ट आयडी घालायचा, ओळ जेसनमध्ये लिहायची, आणि एरर आली तरच तिच्या आधीच्या डीबग ओळी बाहेर टाकायच्या, नाहीतर त्या गप्प. देखभाल माझ्याकडे आहे.

ही लायब्ररी वापरणारी एक सर्व्हिस कुबरनेटीसवर (कंटेनरमध्ये सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) अधूनमधून १३७ कोडने मरते. म्हणजे मेमरीची मर्यादा ओलांडली आणि कर्नलने मारली. आलेख नुसता चढतो, उतरायचं नाव नाही. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, लीक (घेतलेली मेमरी न सुटणं) तुमच्या लॉगिंगमध्येच आहे. पुरावा त्यांच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

मला सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट पळवणारी यंत्रणा) कायमची एक टेस्ट हवी आहे. उद्या कोणी लीक घुसवला तर बिल्ड लाल झालं पाहिजे. सध्या मी लाखभर ओळी लिहितो, आधी आणि नंतर प्रोसेसची आरएसएस (रॅममध्ये व्यापलेली जागा) मोजतो, फरक ५ एमबीच्या वर गेला तर नापास. लॅपटॉपवर पास होते, सीआयवर लहर लागेल तसं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (इथे कोड टाकला की इंडेंटेशनची वाट लागते, त्यामुळे शब्दांतच सांगा.)

चहा_कमी_साखर

रात्री तीनला क्रॉन, सर्व्हिस रिस्टार्ट. पुढचा प्रश्न? ;)

खडूस_कंपायलर

पहिली गोष्ट, आरएसएस मोजणं बंद करा. तो आकडा अख्ख्या प्रोसेसचा असतो आणि पायथनने वस्तू सोडून दिल्या तरी तो खाली येईलच असं नाही. ५१२ बाइटपर्यंतच्या वस्तूंसाठी पायथन स्वतःचा ॲलोकेटर वापरतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून मोठे तुकडे घेतो, त्यांना अरीना म्हणतात. पूर्वी एक अरीना २५६ केबीचा असायचा, ३.१० पासून १ एमबीचा. त्यात एक चिमुकली स्ट्रिंग जरी जिवंत राहिली तरी तो अख्खा अरीना परत जात नाही. लाखभर लॉग ओळींच्या गदारोळात असे किती अरीना अडकतील हे त्या दिवशीच्या मांडणीवर अवलंबून. म्हणून तुमची टेस्ट लहरी आहे.

ट्रेसमॅलॉक वापरा, मेमरी कुठे मागितली गेली ते टिपणारं मॉड्यूल. ३.४ पासून पायथनसोबतच येतं (पेप, म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव, क्र. ४५४, व्हिक्टर स्टिनर). सुरुवातीला एक स्नॅपशॉट, शेवटी दुसरा, आणि कंपेअर-टू करून ओळीनिहाय फरक. लॉगिंग मॉड्यूलच्या फाइलींपुरता फिल्टर लावा म्हणजे बाकीचा कचरा दिसणार नाही.

रातराणी

खडूसदादांशी सहमत, पण ट्रेसमॅलॉकच्या दोन मर्यादा सांगते. एक म्हणजे, मेमरी कोणत्या ओळीवर मागितली गेली हे ते सांगतं, ती आत्ता कोणी धरून ठेवली आहे हे नाही. लॉगिंगच्या बाबतीत हे फार फसवं. लॉगरेकॉर्ड (लॉगच्या एका ओळीची वस्तू) बनतं लॉगिंग मॉड्यूलच्या आत, त्यामुळे बोट कायम तिकडेच जातं. धरून बसलेला असतो भलताच कोणीतरी. त्याला शोधायला जीसी (गार्बेज कलेक्टर) मॉड्यूलचं गेट-रेफरर्स किंवा ऑब्जग्राफ लागतं.

दुसरं, एखादं सी एक्स्टेन्शन (सी भाषेतलं पायथन मॉड्यूल) थेट मॅलॉक करत असेल, म्हणजे पायथनला वगळून मेमरी मागत असेल, तर ते ट्रेसमॅलॉकला दिसतच नाही. तिथे मेमरे हे मेमरी मोजणारं साधन बरं पडतं. ब्लूमबर्गच्या लोकांनी २०२२ मध्ये खुलं केलंय, आणि पायटेस्टसाठी (पायथनच्या टेस्ट पळवणारं साधन) त्याचं प्लगइनही आहे.

चहा_कमी_साखर

माझ्या क्रॉनवर कोणीच बोलत नाहीये. गनिकॉर्नमध्ये (पायथनचा वेब सर्व्हर) मॅक्स-रिक्वेस्ट्स नावाचं सेटिंग आहे. ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर आपणहून मरतो आणि नवा येतो. मेमरी लीकचं नुकसान आटोक्यात ठेवायचा सोपा उपाय, असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. सेलरीतही (मागच्या मागे कामं पळवणारी लायब्ररी) वर्करमागे टास्कची मर्यादा घालता येते. म्हणजे माझा उपाय अगदी शास्त्रोक्त आहे.

खडूस_कंपायलर

@चहा, शास्त्रोक्त आहे, नाही कुठे म्हटलं. पण प्रश्न टेस्टचा आहे. ताप आला की क्रोसिन घ्यावी, पण त्याला रक्ततपासणी म्हणू नये.

आबा_डिबगर

पानशेतवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पायथन स्वतःच्या टेस्टमध्ये रोज देतं. ते कसं करतात ते बघा, नवीन काही शोधायची गरज नाही.

सीपायथनच्या (म्हणजे नेहमीच्या पायथनच्या) टेस्ट-रनरला कॅपिटल आर नावाचा पर्याय आहे. '३:३' दिलं की तीच टेस्ट आधी तीनदा नुसती पळवायची, मोजायचं नाही. मग आणखी तीनदा पळवायची आणि प्रत्येक फेरीनंतर किती रेफरन्स (वस्तूंना धरणारे दुवे) वाढले, किती मेमरी ब्लॉक वाढले, किती फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) वाढले ते मोजायचं. लॉगिंगच्या टेस्टसुद्धा याच चरकातून जातात.

पहिल्या फेऱ्या का सोडायच्या? पहिल्यांदा कोड पळतो तेव्हा असंख्य कॅश भरतात. रेगेक्सची कॅश भरते. ट्रेसबॅक छापला की सोर्स फाइलच्या ओळी लाइनकॅशमध्ये जाऊन बसतात. ३.७ पासून प्रत्येक लॉगर 'या लेव्हलला मी चालू आहे का' याचं उत्तर स्वतःजवळ ठेवतो. हे सगळं वाढतं आणि थांबतं. लीक थांबत नाही.

त्यामुळे एकूण फरक बघायचाच नाही, फेऱ्यांची मालिका बघायची. ३, ०, ० आलं तर सोडून द्या. ८, उणे ८, १ आलं तरी सोडून द्या. ५, ५, ६ आलं तर लीक. त्यांचा नियम जवळजवळ एवढाच आहे: प्रत्येक फेरीत किमान एकने वाढ झाली तरच बोंब मारायची. फाइल डिस्क्रिप्टरना मात्र ही सवलत नाही. तिथे एकाही फेरीत फरक दिसला की नापास.

रेफरन्स मोजायला डीबग बिल्ड लागतं, ते तुमच्या सीआयवर नसेल. पण सिस मॉड्यूलमधलं गेट-ॲलोकेटेड-ब्लॉक्स साध्या बिल्डवरही चालतं. आकार कितीही असो, जिवंत ब्लॉक किती एवढंच ते सांगतं. प्रत्येक फेरीनंतर जीसी-कलेक्ट करा आणि हा आकडा घ्या. ५ एमबीची मर्यादा कुठून आणलीत? अंदाजानेच ना? इथे अंदाज लागतच नाही.

नवी_पालवी

आबा, फेऱ्यांचं आत्ता कळलं. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

रातराणी

आबांच्या प्रतिसादाला +१. त्याच्या जोडीला एक अगदी नेमकी टेस्ट: एक रिकामा क्लास करा, त्याची वस्तू बनवा, तिचा वीकरेफ (वस्तूला जिवंत न ठेवणारा दुवा) घ्या, ती वस्तू लॉगच्या ओळीला आर्ग्युमेंट म्हणून द्या, मग डेल करा, जीसी-कलेक्ट करा आणि वीकरेफ रिकामा झाला का ते तपासा. नाही झाला तर तुमच्या लॉगिंगने ती वस्तू धरून ठेवली. आकडेमोड नाही, लहर नाही.

पण एक खड्डा आहे! हीच टेस्ट पायटेस्टमध्ये पळवली की हमखास नापास होते. कारण पायटेस्ट स्वतः रूट लॉगरवर (सगळ्यात वरचा लॉगर) आपले हँडलर (रेकॉर्ड पुढे लिहिणारे) लावतं आणि टेस्ट संपेपर्यंत सगळी लॉगरेकॉर्ड एका यादीत जपून ठेवतं. कॅपलॉग फिक्स्चर चालतं ते त्यावरच. प्रत्येक रेकॉर्डमध्ये तुमचं आर्ग्युमेंट असतं. म्हणजे लीक शोधणारं यंत्रच धरून बसतं आणि आळ येतो लायब्ररीवर. यासाठी पायटेस्टचं लॉगिंग प्लगइन बंद करा, नाहीतर त्या टेस्टपुरती वेगळी सबप्रोसेस सुरू करा. मी दुसरं करते. लॉगिंगची स्थिती सगळी ग्लोबल असते, आधीच्या टेस्टने काय लावून ठेवलंय कोण जाणे.

न्यूजर्सीकर

सी++ वाल्याचे दोन पैसे. आमच्याकडे व्हॅलग्राइंड (मेमरी तपासणारं साधन) 'कायमचं हरवलेलं' आणि 'अजून पोचता येतंय' असा फरक करतं. मॅलॉक केलं आणि पॉइंटर हरवला तर पहिला प्रकार. सिंगलटन लॉगर प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत असतो तो दुसरा, त्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. लीकसॅनिटायझर तर दुसरा प्रकार दाखवतच नाही.

तुमच्या पायथनमध्ये जवळपास सगळे लीक दुसऱ्या प्रकारचेच. वस्तू हरवलेली नसते, कुठल्यातरी यादीत किंवा डिक्शनरीत सुखाने नांदत असते. त्यामुळे 'लीक आहे का' असं मोघम विचारण्यापेक्षा 'कोणती यादी वाढतेय' असं विचारलं तर टेस्ट लिहिणं सोपं जाईल. लॉगिंग मॉड्यूलमध्ये अशा किती याद्या आहेत? पायथनवाल्यांनी सांगावं.

खडूस_कंपायलर

@न्यूजर्सीकर, हा खरा प्रश्न. मला आठवतात त्या अशा.

सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे मॅनेजरची लॉगरडिक्ट. गेटलॉगरला जे नाव द्याल ते तिथे लिहिलं जातं आणि प्रोसेस संपेपर्यंत खोडलं जात नाही. वाण्याची उधारीची वहीच ती, फेडायची सोय नसलेली. वर 'क.ख.ग' असं टिंबाटिंबाचं नाव दिलंत तर मधल्या 'क' आणि 'क.ख' साठी प्लेसहोल्डरही बनतात. त्यामुळे कोणी रिक्वेस्ट आयडी किंवा युजर आयडी नावात घालून लॉगर मागितला की संपलं. शिवाय कुठेही लेव्हल बदलली की या वहीतल्या प्रत्येक लॉगरची कॅश पुसली जाते, त्यामुळे वही फुगली की तेही काम मंदावतं.

दुसरी प्रत्येक लॉगरची हँडलरांची यादी. ॲडहँडलर जर एखाद्या फंक्शनमध्ये असेल आणि ते फंक्शन दर रिक्वेस्टला बोलावलं जात असेल तर यादी वाढत जाते. याचं लक्षण लगेच दिसतं, एकच ओळ दोनदा, तीनदा, चारदा छापली जाते. फाइल-हँडलर असेल तर मेमरीच्या आधी फाइल डिस्क्रिप्टर संपतात. आणि रिमूव्हहँडलर नुसतं यादीतून काढतं, फाइल बंद करत नाही. क्लोज वेगळं बोलवावं लागतं. पायथन डेव्ह मोडमध्ये चालवलं की न मिटलेल्या फाइलीबद्दल रिसोर्स-वॉर्निंग दिसते.

तिसरं मेमरीहँडलर, रेकॉर्ड बफरमध्ये साठवून मग टार्गेट हँडलरकडे देणारं. पानशेतवाले, तुम्ही 'एरर आली तरच आधीच्या डीबग ओळी' म्हणालात तेव्हाच माझे कान टवकारले. मेमरीहँडलरला टार्गेट दिलं नाही तर फ्लश होताना बफर रिकामा होत नाही. कपॅसिटी १०० दिली असली तरी यादी १०० च्या पुढे आरामात जाते, कारण भरल्यावर फ्लश बोलावलं जातं आणि फ्लश म्हणतं, टार्गेट नाही, मी काही करत नाही. बघा जरा.

पानशेतवाला

@खडूस, लगेच बघितलं. आमचं हँडलर मेमरीहँडलरवरच बेतलंय, पण टार्गेट कन्स्ट्रक्टरमध्येच सक्तीचं आहे. लॉगर मॉड्यूलमागे एकच, रिक्वेस्ट आयडी येतो कॉन्टेक्स्टव्हार्समधून (चालू रिक्वेस्टपुरते व्हेरिएबल). नावात आम्ही काहीही घालत नाही.

आबा, फेऱ्यांची पद्धत लावून बघतो.

लाल_डबा

पायथनवाल्यांची मजा बघतोय. आमच्या जावात याच्या बरोब्बर उलटा घोळ आहे. जावाच्या अंगच्या लॉगिंगमध्ये लॉगमॅनेजर लॉगरना वीक रेफरन्सने धरतो. म्हणजे लीक नाही. पण तुम्ही एखाद्या मेथडमध्ये लॉगर मागितला, त्याला हँडलर लावला, लेव्हल ठरवली आणि तो कुठल्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला नाही, तर गार्बेज कलेक्टर येऊन लॉगर घेऊन जातो, सोबत तुमची सेटिंग्जही. पुढच्या वेळी त्याच नावाने कोरा लॉगर मिळतो. फाइंडबग्जमध्ये यासाठी खास इशारा होता, स्पॉटबग्जमध्ये आजही आहे.

आबा_डिबगर

@लाल_डबा, उत्तम उदाहरण दिलंत. पायथनने वही पक्की का ठेवली याचं उत्तर त्यातच आहे. लॉगर हा नावाने ओळखला जातो, कुठूनही मागा, तोच मिळाला पाहिजे, लावलेल्या सेटिंगसकट. हे वचन पाळायचं तर कोणीतरी त्याला घट्ट धरून ठेवायलाच हवं. पेप २८२ पासून, म्हणजे २००३ च्या पायथन २.३ पासून हीच रचना आहे. प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळा लॉगर बनवू नका, ते गोळा केले जात नाहीत, हे पायथनच्या लॉगिंग कुकबुकात स्पष्ट लिहिलंय. तिथे पर्याय म्हणून लॉगरॲडॉप्टर (एकाच लॉगरला जास्तीची माहिती जोडणारं वेष्टण) सुचवलाय.

मालवणी_खाजा

नोडवाला (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) हजर. आमच्याकडे इव्हेंट एमिटरवर (घटना कळवणारी वस्तू) दहाच्या वर लिसनर (ती ऐकणारी फंक्शन) लागले की नोड स्वतःच ओरडतो, बाबा रे, मेमरी लीक दिसतोय, ११ लिसनर झालेत. लॉगर दर रिक्वेस्टला नव्याने बनवला आणि प्रत्येकाने एकाच स्ट्रीमवर लिसनर टाकला की हा इशारा येतोच.

आणि त्यावर लोक काय करतात? मर्यादा शून्य करतात. शून्य म्हणजे अमर्याद. इशारा गेला, लीक तिथेच. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टात ती ओळ होती, वर कॉमेंट: 'कृपया काढू नये'.

चहा_कमी_साखर

'कृपया काढू नये' =)) =))

नवी_पालवी

एक बाळबोध शंका. लॉगिंगला एफ-स्ट्रिंग वापरू नका, टक्केवाली पद्धत वापरा, असं सगळे सांगतात. पण रातराणीताई म्हणाल्या की रेकॉर्ड आर्ग्युमेंट धरून ठेवतं. मग एफ-स्ट्रिंगच सुरक्षित नाही का? तिथे नुसती तयार स्ट्रिंग जाते.

रातराणी

@नवी_पालवी, शंका बाळबोध अजिबात नाही. बरोबर आहे तुझं, एफ-स्ट्रिंगमध्ये मूळ वस्तू रेकॉर्डमध्ये जातच नाही. पण मग डीबग बंद असतानाही प्रत्येक वेळी स्ट्रिंग बनवण्याचा खर्च होतो. आणि रेकॉर्ड लगेच लिहून टाकलं जात असेल तर आर्ग्युमेंट धरलं काय नि न धरलं काय, क्षणात सुटतंच. प्रश्न येतो तो रेकॉर्ड कुठेतरी साठवलं तरच: मेमरीहँडलर, क्यू, पायटेस्ट.

खरा गुन्हेगार आर्ग्युमेंटपेक्षा एक्स्क-इन्फो असतो. एक्सेप्शनसकट लॉग केलं की रेकॉर्डमध्ये ट्रेसबॅक येतो, ट्रेसबॅकला फ्रेम लटकलेल्या, आणि प्रत्येक फ्रेमला तिचे सगळे लोकल व्हेरिएबल. वर कुठेतरी कोणी भलामोठा डेटाफ्रेम लोकलमध्ये ठेवला असेल तर एका एररच्या रेकॉर्डमुळे तो पूर्ण जिवंत राहतो. क्यूहँडलर यावर चांगला तोडगा आहे. रेकॉर्ड क्यूत टाकण्याआधी तो मेसेज आणि ट्रेसबॅक मजकूर करून घेतो आणि आर्ग्युमेंट, एक्स्क-इन्फो दोन्ही काढून टाकतो. स्वतःचं बफरवालं हँडलर लिहिताना हेच करावं.

खडूस_कंपायलर

क्यूहँडलरला चांगला तोडगा म्हणताना जरा जपून. बहुतेक उदाहरणांत क्यू अमर्याद असते. पलीकडचा लिसनर हळू असेल, डिस्क भरलीय किंवा लॉग नेटवर्कवरून कुठे पाठवताय आणि ते अडलंय, की क्यू फुगते. हा लीक नाही, पण पॉड (कुबरनेटीसवर चालणारी सर्व्हिसची प्रत) मरायचा तो मरतोच. क्यूला मर्यादा घातली तर भरल्यावर रेकॉर्ड फेकलं जातं आणि एरर स्टँडर्ड एररवर जाते. दोन्हीतलं एक निवडावंच लागतं.

आणि हे सीआयच्या टेस्टमध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिथे लॉग कुठेच जात नाही, लिहिणारा कायम वेगवान. मुद्दाम झोपा काढणारं एक हँडलर लावून ही टेस्ट वेगळी करावी लागते.

रातराणी

मान्य. तोडगा रेकॉर्ड हलकं करण्यापुरता.

लाल_डबा

अवांतर: आमच्याकडे एमडीसी नावाचा प्रकार आहे, थ्रेडला चिकटवलेली माहिती. थ्रेडपूलमध्ये थ्रेड मरत नाही, पुन्हा वापरला जातो. शेवटी साफ केलं नाही तर मेमरी अडकते ती थोडीच, पण एका गिऱ्हाइकाचा आयडी दुसऱ्याच्या लॉगमध्ये छापला जातो. पहाटेपर्यंत भलत्याच माणसाच्या ऑर्डरी तपासत बसलेली टीम मी पाहिली आहे.

मालवणी_खाजा

आणि त्या लॉगमध्ये आधार नंबर पण असतो, पूर्ण बारा आकडे :(

चहा_कमी_साखर

त्यावर वेगळा धागा काढा, ५०० प्रतिसाद नक्की.

आबा_डिबगर

मूळ मुद्द्याकडे. पानशेतवाले, काय झालं पुढे?

पानशेतवाला

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व, रिलीज होतं.

टेस्ट लिहिली. सबप्रोसेसमध्ये पळते, पायटेस्टचं लॉगिंग आड येत नाही. आधी गरम करायच्या फेऱ्या, मग मोजायच्या. प्रत्येक फेरीत साध्या ओळी, एक्सेप्शनवाल्या ओळी, बफर भरून फ्लश होणं आणि लायब्ररी पुन्हा कॉन्फिगर करणं, सगळं येतं. मोजतो काय तर ॲलोकेटेड ब्लॉक, प्रॉक फाइलसिस्टिममधून उघड्या डिस्क्रिप्टरची संख्या, जिवंत थ्रेड, रूटवरचे हँडलर आणि लॉगरडिक्टची लांबी. न्यूजर्सीकरांचा 'कोणती यादी वाढतेय' हा प्रश्न जसाच्या तसा उचललाय. शिवाय रातराणीताईंची वीकरेफ टेस्ट, एकदा आर्ग्युमेंटसाठी आणि एकदा ट्रेसबॅकमधल्या लोकलसाठी. टेस्ट खरंच पकडते का हे बघायला मेमरीहँडलरचं टार्गेट मुद्दाम काढून पाहिलं, लगेच लाल झाली.

लायब्ररी सपाट आहे. पहिल्या फेऱ्यांनंतर शून्य, शून्य, शून्य.

मग तीच याद्यांची मोजदाद त्या सर्व्हिसच्या आतल्या हेल्थ पानावर लावली. लॉगरडिक्टची लांबी ट्रॅफिकबरोबर चढत होती. नावं काढून बघितली तर 'ऑर्डर' टिंब ऑर्डर क्रमांक, ओळीने. त्यांच्याच कोडात कोणीतरी ऑर्डरमागे गेटलॉगर करतंय.

त्यांना दाखवलं तर उत्तर आलं की मग लायब्ररीने अडवायला हवं होतं. आता यावर तुमचं मत?

चहा_कमी_साखर

हाहाहा! चोर तो चोर वर शिरजोर.

खडूस_कंपायलर

अडवू नये. गेटलॉगर हे स्टँडर्ड लायब्ररीचं फंक्शन आहे, तुमचं नाही. तुम्ही त्याच्यावर पहारा बसवलात तर उद्या दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजचे लॉगरही तुम्हीच सांभाळायचे. त्यांच्या टीमला कोड दुरुस्त करू दे, लॉगरॲडॉप्टर आहे की.

रातराणी

मी थोडी वेगळी जाते. अडवू नये हे बरोबर, पण सांगावं. लॉगरडिक्टची लांबी तुमच्या लायब्ररीने मेट्रिक म्हणून बाहेर द्यावी. एका डिक्शनरीची लांबी मोजायला काही खर्च येत नाही. तुमच्याकडे तेवढी मोजदाद आधीच असती तर हा वाद आलेखाकडे एक नजर टाकून मिटला असता.

खडूस_कंपायलर

मेट्रिकला हरकत नाही. अपवाद फेकायला आहे.

आबा_डिबगर

दोघांचंही बरोबर. पण मेट्रिक सांगतं ते प्रॉडक्शनला गेल्यावर. माझ्या मते त्या फेऱ्यांच्या टेस्टचा सांगाडा वेगळा काढा आणि सर्व्हिसवाल्यांना द्या. त्यांनी आपल्या एंडपॉइंटला दरवेळी वेगळ्या ऑर्डर क्रमांकाच्या रिक्वेस्ट मारायच्या आणि गरम झाल्यावर लॉगरडिक्ट वाढली तर नापास. 'वेगळ्या क्रमांकाच्या' हे महत्त्वाचं. तोच नमुना क्रमांक पुन्हा पुन्हा वापरला तर लॉगर एकच बनतो आणि टेस्ट खुशाल हिरवी राहते. लायब्ररीची टेस्ट लायब्ररीने दिलेलं वचन तपासते. तिचा वापर कसा केलाय हे वापरणाऱ्याच्या टेस्टमध्येच कळणार.

नवी_पालवी

या सगळ्या फेऱ्यांनी सीआय मंद नाही का होत?

पानशेतवाला

@नवी_पालवी, पुल रिक्वेस्टवर छोट्या फेऱ्या ठेवल्यात, ब्लॉक मोजायला त्या पुरतात. प्रत्येक फेरीत एक ब्लॉक जरी अडकला तरी दिसतं, लाखभर ओळी लागत नाहीत. झोपाळू हँडलरवाली लांब टेस्ट रात्री पळते.

आबा, सांगाडा वेगळा काढतो. त्यांनी ऑर्डरवाला कोड बदलून डिप्लॉयही केलाय. लॉगरडिक्ट आता आडवी आहे. आरएसएस मात्र अजून किंचित वर सरकतेय, आधीसारखी नाही, पण सरकतेय. ट्रेसमॅलॉकमध्ये काहीच दिसत नाही.

न्यूजर्सीकर

थ्रेड किती आहेत? जीलिबसीचं (लिनक्सची सी लायब्ररी) मॅलॉक थ्रेडांसाठी स्वतःचे वेगळे अरीना बनवतं (खडूस म्हणाले ते पायथनचे अरीना, हे निराळे), ६४ बिटवर कोअरच्या आठपटीपर्यंत. त्यांतली मोकळी जागा परत जायला रडवते. मॅलॉक-अरीना-मॅक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून एक पॉड चालवा आणि शेजारी जुना ठेवा. नव्याचा आलेख आडवा झाला तर लीक नाही, तुकड्यांत अडकलेली जागा आहे. दोन्ही सारखेच चढले तर सी एक्स्टेन्शनकडे वळा आणि मेमरे लावा.

पानशेतवाला

थ्रेड बरेच आहेत. दोन पॉड शेजारी लावतो आणि आलेख इथेच टाकतो.